भाकीत आणि भविष्य

दिवाळी अंक आला की आमच्या घरी तो मागून उघडतात, कारण मागे राशिभविष्य असते. माझ्या राशीला ‘प्रवासयोग’ निघाला आणि मी वर्षभरात एस.टी.ने खेडला जाऊन आलो, की भविष्य खरे ठरले असे सौभाग्यवती मानतात. इथवर गंमत आहे. पण गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी शाळेतून काढली गेली. पत्रिकेत विद्यायोग नाही म्हणे! तेव्हापासून या पानांवर माझा राग आहे. संपादकांनी क्षमा करावी.

भविष्य जरूर सांगावे, पण खोटे ठरण्याची तयारी ठेवून. प्रत्येक कणाला एक प्रतिकण असतो आणि दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात. विश्वारंभी दोन्ही सारखेच असतील, तर आपण, ही पणती, हा चिवडा उरलो कसे? दोघांच्या वागण्यात काही फरक हवा. तसा बारीक फरक १९६४ साली अमेरिकेत एका कणात दिसला, पण कारण कळेना. १९७३ साली क्योतोच्या कोबायाशी आणि मास्कावा यांनी मांडले, की क्वार्क नावाचे मूलकण सहा असतील तर हा फरक पडतो. तेव्हा ठाऊक होते तीन! चौथा १९७४ साली सापडला, पाचवा १९७७ आणि सहावा १९९५ साली.

याच हिशोबावरून पुढच्यांनी सांगितले, की प्रोटॉनच्या पाचपटीहून जड असा ‘बी’ मेसॉन आणि त्याचा प्रतिकण यांच्या मोडण्यात मोठा फरक दिसेल. हा कण जगतो सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या दीडपट. तरीही जपानात त्सुकुबाला आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्रत्येकी तीन कोटींवर जोड्या तपासल्या, आणि २००१ साली फरक सापडला. त्सुकुबाच्या प्रयोगात आपल्या मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती. २००८ साली त्या दोघांना नोबेल मिळाले. आणि एवढे होऊन शास्त्रज्ञच सांगतात, की विश्व उरण्याइतका हा फरक पुरत नाही, फार तोकडा पडतो. हिशोबात अजून काही राहिले आहे. ‘गतवर्षीचे माझे भविष्य तोकडे पडले’ असे कुणा ज्योतिष्याने कधी छापले आहे काय?

“मास्तर, तुम्ही नुसते मॅट्रिक, तुम्हांला यातले काय कळते?” गणित नाही कळत. पण उत्तर आधी लिहून देणारा मुलगा आणि निकालानंतर ‘मी तेच म्हणत होतो’ म्हणणारा मुलगा, यांतला फरक मला कळतो. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या पत्रिकेत केंब्रिज कोणत्या घरात होते, हे कुणा बुवांनी दाखवावेच!

संपादकमहाशय, पुढल्या दिवाळीला नव्या भविष्याशेजारी यंदाचे भविष्यही छापा. तपासून मी देईन. लाल शाई माझ्यापाशी आहे.