विश्लेषण : कॉम्प्युटरवरचा गेम हॉलमधल्या टीव्हीवर अडखळतो का?

बेडरूममधल्या कॉम्प्युटरवरचा गेम हॉलमधल्या टीव्हीवर खेळण्यासाठी वेगळा कन्सोल घ्यावाच लागतो, असे नाही. 'व्हॉल्व्ह' कंपनीने २०१४ मध्ये 'स्टीम'वर ही सोय दिली. २०१८ मध्ये 'स्टीम लिंक' अ‍ॅपही आले.

हे चालते कसे?
गेम कॉम्प्युटरवरच चालतो. ग्राफिक्स कार्ड त्याची दृश्ये व्हिडीओत रूपांतरित करते आणि तो राउटरमार्फत टीव्हीवर पोहोचतो. कंट्रोलरचा संदेश उलट दिशेने जातो. हा व्हिडीओ घरातच फिरत असल्याने त्यासाठी इंटरनेट डेटा खर्च होत नाही.

मग अडखळतो का?
सेकंदाला ६० दृश्ये म्हणजे एका दृश्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. चित्रपट आधी साठवून दाखवता येतो. गेममधले पुढचे दृश्य मात्र खेळाडूच्या बटणावर ठरते. त्यातच २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या वायफायचीही गर्दी असते.

उपाय काय?
महागडा इंटरनेट प्लॅन हा उपाय नव्हे. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडावा, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा आणि त्याचा 'गेम मोड' सुरू करावा.

कंपनीने सेवाच बंद केली तर?
'एनव्हिडिया'ने 'गेमस्ट्रीम' २०२३ मध्ये गुंडाळली. 'सनशाइन' आणि 'मूनलाइट' ही मोफत, मुक्तस्रोत जोडी तेव्हा अनेकांच्या कामी आली.