पत्र्याचं कौतुक पुरे, पान्याचं बोला

कोल्हापुरात नाद नसलेला माणूस सापडणं अवघड. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा, तसा कुणाला गाड्यांचा. पाटाकडील-दिलबहार सामन्यात पडतात तसे गाड्यांच्या नादिष्टांतही दोन तट आहेत: जुनीवाले आणि नवीवाले. दोघंही भलत्याच गोलात बॉल मारतायत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनीवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे पत्रा. ‘अॅम्बॅसडरचा पत्रा बघ, आणि हा बघ, अंगठ्यानं दाबला तर पोचा पडतोय!’ ऐकायला झकास, पण खोटं. 2009 साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेनं 1959ची शेवरोले बेल एअर आणि 2009ची शेवरोले मॅलिबू समोरासमोर आदळवल्या. जाडजूड बेल एअरची केबिन चालकाच्या पुतळ्यावर कोसळली. मॅलिबूच्या नाकाचा चुरा झाला, पण केबिन शाबूत राहिली. टक्करीचा जोर कुठंतरी जिरावा लागतो. नाकात जिरला नाही, तर बसणाऱ्याच्या छातीत जिरतो. पोचा पडणं हा दोष नाही, ते नव्या गाडीच्या नाकाचं कामच आहे.

मारुती 800वर माझंही प्रेम आहे. 1983 ते 2014 या काळात तिनं मध्यमवर्गाला फोंडा घाट उतरवून कोकण दाखवलं. पण प्रेम आहे म्हणून ती सुरक्षित होती असं म्हणायचं का?

आता नवीवाले. यांचा एक्का म्हणजे पडदा. दहा इंची स्क्रीन, सनरूफ, रंगीत दिवे. खरी प्रगती यातली एकही नाही. 2014 साली ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेल्या पाच भारतीय छोट्या गाड्या आदळवल्या, तेव्हा पाचही शून्य तारे घेऊन परतल्या. 2018च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉननं पाच तारे मिळवले. चार वर्षांतली ही झेप पोवाडा गाण्याजोगी. पण शोरूममध्ये पहिला प्रश्न सनरूफचाच. मागं मध्ये बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे विचारणारा मला अजून भेटायचाय. आणि सनरूफ घेतल्यावर त्यातून पोरं उभी करून महामार्गावर गाडी पळवायची!

मग जुन्या गाडीत जपण्यासारखं काहीच नव्हतं? होतं. पत्रा नव्हे, पाना. गगनबावड्याच्या वाटेवर वडापची जीप बंद पडली, तर ड्रायव्हर बॉनेट उघडायचा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढायचा आणि गाडी हलायची. नाहीच जमलं तर उद्यमनगरातला मेस्त्री होता. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर बनवून देणारा. हे ज्ञान गावात होतं, आणि त्याचा पैसाही गावातच राहायचा.

आज? पावसाळ्यात माझ्या गाडीच्या पुढच्या एका दिव्यात पाणी शिरलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर : ‘उघडता येत नाही, अख्खं युनिट बदलावं लागेल.’ ओळखीच्या मेस्त्रीकडं गेलो. तो म्हणाला, ‘बसवून देतो साहेब, पण गाडीचा कॉम्प्युटर तो दिवा ओळखंल का, ते माझ्या हातात न्हाई.’ शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत देशभरातल्या गाड्यांचे भाग ओतले जातात, आणि त्याच शहरातल्या कारागिराला ती गाडी उघडायला परवानगी लागते. या अपमानाबद्दल दोन्ही तट गप्प आहेत.

यावर उत्तर येतं की इलेक्ट्रॉनिक्स आलं म्हणूनच एबीएस आलं, एअरबॅग आल्या. मान्य. कॉम्प्युटर काढून टाका असं मी म्हणतच नाही. त्याची किल्ली मालकाला आणि मेस्त्रीला द्या, एवढंच म्हणतोय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतदान करून मोटारदुरुस्तीची माहिती खुली करायला लावली. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं 2022च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आणि जुनीवाल्यांनो, भांडायचंच असेल तर पेट्रोलवर भांडा. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. उसाला चार पैसे मिळावेत याला कोल्हापूरकर कसा नाही म्हणेल? पण नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच लिहिलंय की इथेनॉलसाठी न बनलेल्या, 10 टक्क्यांना जुळवून घेतलेल्या चारचाकींचं मायलेज यानं 6 ते 7 टक्के घटतं. पंपावर कमी मिश्रणाच्या पेट्रोलचा पर्याय मागणं म्हणजे शेतकऱ्याचा द्रोह नाही. जुनी गाडी वापरणारा बहुतेकदा हौशी नसतो, त्याला नवी परवडत नाही.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते, तेव्हा सगळं गाव माना उंचावून बघतं. दुसऱ्या महायुद्धाआधीची ती गाडी पत्र्याच्या जोरावर चालत नाही. ती उघडता येते, समजून घेता येते, तिचा भाग घडवता येतो, म्हणून चालते. आज शोरूममध्ये चकाकणारी गाडी, तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी हात वर करून मोकळी झाल्यावर, किती वर्षं चालेल?

पुढच्या वेळी गाडी बघायला जाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा. आदळली तर माणूस वाचंल का? बिघडली तर माझा मेस्त्री उघडंल का? दोन्हीला ‘हो’ म्हणणारी गाडी मागायला लागलो, तर आपला नाद खरा. नाहीतर पत्रा विरुद्ध पडदा हे भांडण चालू द्या; विकणाऱ्याला तेच हवंय.