नोंद जुनी, शाखा नवी

आपल्या धाटाव-रोह्याकडे एखाद्या घरी जुन्या कागदपत्रांची पेटी असेल, तर ती उघडून पाहा. कागदांवर जिल्हा 'कुलाबा' असा आढळेल. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणून तो कागद खोटा ठरत नाही; लिहिला त्या दिवशी तो खराच होता. मात्र जिल्ह्याचे नाव बदलले तरी पेटीतला कागद आपोआप बदलत नाही.

संगणकातही अशी पेटी असते. अनेकांनी मिळून आज्ञावली लिहायची, तर कोणी केव्हा काय बदलले याची नोंद हवी. त्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' तयार केले. दूरच्या संगणकावर सर्वांचे सामाईक भांडार असते. त्यात कामाच्या अनेक शाखा असतात आणि त्यांतील मुख्य शाखा कोणती हे दाखवणारी 'हेड' नावाची खूण असते. आपण भांडाराची प्रत प्रथम उतरवून घेतो, तेव्हा ही खूण आपल्याकडे 'ओरिजिन/हेड' म्हणून नोंदली जाते.

पुढे 'गिट फेच' ही आज्ञा दिली की नवे बदल येतात, नव्या शाखाही येतात. पण एकदा झालेली ही नोंद एरवी तशीच राहते!

मुख्य शाखेला पूर्वी बहुधा 'मास्टर' म्हणत. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबने नव्या भांडारांसाठी 'मेन' हे नाव घेतले. अनेक जुन्या भांडारांनीही तसाच बदल केला. माझ्या एका विद्यार्थ्याने अशाच एका प्रकल्पाची जुनी प्रत वापरली. शाखेचे नाव न देता केवळ 'ओरिजिन'वरून नवी शाखा काढ, असे त्याने संगणकाला सांगितले. गिटने जुनी नोंद वाचली आणि 'मास्टर'वरून शाखा काढून दिली. तीन आठवड्यांचे काम जुन्या पायावर उभे राहिले. संगणकाने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती झालीच नव्हती.

मग गिटने ही नोंद आपणहून बदलावी काय? पुष्कळांना तसे वाटते. मला मात्र ते पटत नाही. पायाखालची फळी कोणी न सांगता सरकवली तर तेही धोक्याचेच. जानेवारी २०२५ च्या २.४८ या आवृत्तीपासून ही नोंद मुळातच नसेल तर फेच करताना ती तयार होते. असलेली नोंद मात्र न विचारता बदलली जात नाही. तफावत दिसताच इशारा देण्याची सोयही गिटमध्ये आता आहे. माझ्या मते तोच मार्ग शहाणपणाचा: यंत्राने सांगावे, माणसाने ठरवावे.

प्रयोगवहीत तापमान लिहिताना आपण वेळही लिहितो, ती का? वाचन खरे असते ते त्या वेळेपुरते. प्रतीचेही तसेच आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मुळाला विचारण्याची सवय लावा. 'गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन --ऑटो' ही एक ओळ त्यासाठी पुरते. आणि शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गातील भिंतीवरचा नकाशा कोणत्या सालचा आहे, हेही एकदा मुलांकडून तपासून घ्या!