लंगडत येणारे मावळे

सोमवारी सकाळी कुठल्याही आयटी पार्कात लिफ्टसमोर पाच मिनिटं उभे राहा. दोन-चार जण तरी लंगडत येताना दिसतील. चेहऱ्यावर वेदना कमी, अभिमान जास्त. "काय रे, काय झालं?" "काही नाही, राजगड-तोरणा मारला!" मग चार टाळकी जमतात, फोटो बघितले जातात आणि सुजलेला गुडघा पदकासारखा मिरवला जातो.

माझं भांडण या मिरवण्याशी आहे.

आपण आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर रात्री दोनला पडला तर सकाळी दहाला मीटिंग लागते. का पडला, कुणी काय तपासलं नव्हतं, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं, सगळं लिहून काढतात. तीच माणसं गडावर कुणाचा पाय मोडला की म्हणतात, "नशीब रे, अपघात झाला." कसला अपघात? लांबच्या पायपिटीत होणाऱ्या बहुतेक दुखापती इतक्या ठरावीक असतात की त्यांची यादी निघण्याआधीच करता येते. टाचेला फोड, मुरगळलेला घोटा, उतरताना गेलेला गुडघा, उन्हाने आलेली चक्कर. यातलं आभाळातून काय पडलं?

गुडघ्याचंच घ्या. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढाची भीती वाटते, पण गुडघे जातात ते उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, प्रत्येक पावलाला ब्रेक मारत असतो. हा स्नायू आपण सोमवार ते शुक्रवार खुर्चीत दहा-दहा तास निजवून ठेवतो आणि शनिवारी त्याच्याकडून अख्खा डोंगर उतरवून घेतो. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ मारू लागते. त्या दुखण्याशी संबंध असलेल्या पट्ट्याला डॉक्टर लोक 'आयटी बँड' म्हणतात. आता बोला!

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. महिनाभर आधीपासून आठवड्यात तीनदा जिने चढा-उतरा, उतरताना सावकाश. काठी वापरा. काठी म्हाताऱ्यांसाठी असते हे कुणी सांगितलं देव जाणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर दोन काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. दिवसभराच्या हजारो पावलांवर हा हिशोब मांडून बघा. पण आपण काय करतो? शुक्रवारी रात्री अकराला बसमध्ये बसतो, मान वाकडी करून तीन तास झोपतो आणि पहाटे नव्या कोऱ्या बुटांत चालायला लागतो.

गेल्या पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर एक मुलगा भेटला. टाचा सोलून मोजे लाल झालेले. त्याच्या ग्रुपचा लीडर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "मावळे रडत नसतात!" लोक हसले, पोरगा गप्प झाला आणि चालत राहिला. माझं डोकंच फिरलं. फोड यायच्या आधी त्या जागी चटका बसल्यासारखं होतं. तेव्हाच थांबून, मोजा काढून, पाय कोरडा करून औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी टेप लावली तर पाच मिनिटांत काम होतं. त्याला ती पाच मिनिटं मागायचीच लाज वाटली असणार. ती लाज कुणी लावली?

आणि मावळ्यांचं नाव घ्यायचंच असेल तर नीट घ्या. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते 'बघू, होईल काहीतरी' म्हणून नाही. पावसाळी रात्र निवडली होती, वाट ठरलेली होती, शत्रूला चकवायला शिवा काशीद दुसऱ्या पालखीत होते. खिंडीत बाजीप्रभू थांबले ते मागच्यांना अडवून पुढचे सुखरूप पोचावेत म्हणून. सोबतच्या माणसाची टर उडवणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये.

घोटा मुरगळल्यावरचा तमाशा तर विचारू नका. स्प्रे मारायचा, दुखणं दबलं की "चल, काही नाही झालं" म्हणून उठवायचं. अहो, दुखणं दबलं म्हणजे दुखापत गेली का? एरर मेसेज बंद केला म्हणून बग जातो का? कॅनडातल्या ओटावामध्ये डॉक्टरांनी १९९२ साली साधे नियम मांडले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. डोंगरावर याचा अर्थ एकच, त्या माणसाचा ट्रेक संपला. पाय बांधा, उंच ठेवा, त्याची सॅक दुसऱ्याने घ्या आणि सगळ्यात जवळच्या गावाची वाट धरा. अंगातलं पाणी आटलेलं असताना वेदनाशामक गोळ्या चघळू नका, मूत्रपिंडाला महागात पडतं. आणि ओआरएसचं पाकीट अख्खंच, त्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात घाला. चिमूटभर टाकून सरबत नाही करायचं.

"म्हणजे काय घरात बसायचं? थोडी जोखीम नको का?" हा प्रश्न येणारच. जोखीम हवी हो! मीही तिच्यासाठीच जातो. पण जी टाळता येते ती जोखीम नाही, आळस आहे. "माझा पाय, माझी मर्जी" म्हणणाऱ्यांना तर एकच विचारतो: तुम्हाला उचलून खाली कोण आणतं?

गाववाले आणतात. बांबूला चादर बांधून झोळी करतात आणि आलटून पालटून खांदा देतात. आपल्या डोंगरात आजही अशा वाड्या आहेत जिथे रस्ता नाही म्हणून बाळंतीण याच झोळीतून खाली येते. तीच माणसं हातातलं काम टाकून तुमच्यासाठी धावतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक मध्यरात्री पावसात दोर घेऊन निघतात, तेही कुणाच्या पगारावर नाही. तुमच्या 'मर्जी'चा भार त्यांच्या खांद्यावर असतो.

तेव्हा पुढच्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती माणसांमागे किती अनुभवी लोक आहेत? प्रथमोपचार कुणाला येतो? मध्येच कुणाला जमेनासं झालं तर कुठून उतरवणार आणि सोबत कोण जाणार? "टेन्शन नको, मजा येईल" असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि वाटेत कुणी "दुखतंय" म्हणालं तर हसू नका. थांबा आणि त्याचा बूट काढायला लावा.