नाताळचा ‘पंच’ : दारूला सोज्वळ नाव

नाताळ जवळ आला की आमच्या समाजात एका पेयाची चर्चा सुरू होते. मोठ्या काचेच्या भांड्यात वाइन ओतायची, तीत संत्र्याचा रस, साखर, लिंबू, दालचिनी, लवंग घालायची, वर सफरचंदाच्या फोडी सोडायच्या आणि पळीने पेले भरायचे. हा झाला ‘पंच’. शहरी मेजवान्यांतील ही रीत आता कोशाच्या कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील आंधळगावासारख्या ठिकाणीही यावी, असा काही सुशिक्षित बंधुभगिनींचा आग्रह आहे. या आग्रहाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

‘ही दारू नव्हे, वाइन आहे, त्यातही निम्म्याहून अधिक फळांचा रस’ असा युक्तिवाद केला जातो. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही वाइन दारूत मोडत नाही, असे जाहीरपणे सांगितले गेले होते. वाचकहो, येथे थोडे गणित करू या. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. तीत मद्यार्क १२ टक्के धरला तर शुद्ध मद्यार्क भरतो ९० मिलिलिटर. व्हिस्कीची ‘क्वार्टर’ १८० मिलिलिटरची, मद्यार्क ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिलिलिटर. क्वार्टर पिणाऱ्याला आपण दारुडा म्हणतो आणि बाटली रिकामी करणाऱ्याला रसिक! रस घातल्याने मद्यार्काचे प्रमाण उतरते, पण भांड्यातील एक थेंबही नाहीसा होत नाही. उलट गोडव्यामुळे तो जिभेला कळत नाही, एवढेच. फोडींत तो मुरतो आणि त्या फोडी मुले वेचून खातात. वाइन पिण्यासाठी आपल्या राज्यात वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. पळीला मात्र वय विचारता येत नाही.

दुसरा युक्तिवाद संस्कृतीचा. ‘पंच’ हा शब्दच आपल्या ‘पाच’पासून गेला, असे मानले जाते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे पाच पदार्थ एकत्र करून पीत आणि तेच पेय त्यांनी मायदेशी नेले. म्हणजे ज्याला आपण आज उच्चभ्रू म्हणतो, त्या पेयाच्या मुळाशी देशी दारूच होती. मग मोहाने काय पाप केले? भंडाऱ्याच्या रानात चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचली जातात. ती वाळवून खाल्ली जातात, तशी त्यांची दारूही गाळली जाते. चुलीवर ती गाळणारा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि व्यासपीठावरून आम्ही त्याला उपदेश करतो. त्याच व्यासपीठापासून दहा पावलांवर पंचाचे भांडे मांडले, तर आमचा उपदेश कोण ऐकणार? मोहाची दारू गाळावी असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या पेल्याला एक न्याय आणि आपल्या पेल्याला दुसरा, हे चालणार नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

काना गावच्या लग्नाचा दाखला येथे हमखास दिला जातो. द्राक्षारस स्वभावतःच पापमय आहे, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. मिस्साबलिदानात तो अर्पण होतो आणि धार्मिक विधीसाठी त्याच्या वापराची सोय उपरोक्त कायद्यातही आहे. आपल्या घरी, कायद्याच्या चौकटीत, कुणी प्रौढाने मापाने घेतलेल्या पेल्याविषयी आमचा वाद नाही. वाद सामाईक भांड्याविषयी आहे. स्वतःच्या पेल्यात काय व किती, हे पिणाऱ्याला ठाऊक असते. सामाईक भांड्यात ते झाकले जाते. नाताळच्या फराळाला शेजारी येतात, त्यांत हिंदू असतात, बौद्ध असतात, मुसलमान असतात. नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेली भगिनी असते. मोठ्या कष्टाने दारू सोडलेला एखादा विणकर असतो; त्याच्यासाठी ‘सणाचा एकच पेला’ म्हणजे पुन्हा त्याच वाटेवरचे पहिले पाऊल. महाराष्ट्रात ठिकठिकाणी स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दुकाने बंद पाडली आहेत. त्यांना सणाला बोलावून बाटली उभी करणे, हे कसले आतिथ्य?

मग सणाला काय द्यावे? पाचच पदार्थ घ्या, पण इथले : संत्री, गूळ, आले, लवंग आणि पाणी. वीस माणसांसाठी तीन लिटर पाण्यात ३०० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम ठेचलेले आले आणि दहा लवंगा घालून दहा मिनिटे उकळावे, गाळावे. कोमट झाल्यावर वीस नागपुरी संत्र्यांचा रस मिसळावा. रस उकळू नये, कडवटपणा येतो. डिसेंबरच्या थंडीत आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. हा पेला मुलाला, म्हाताऱ्याला, शेजाऱ्याला आणि दारू सोडलेल्या त्या विणकराला एकाच पळीने देता येईल.

ज्यांना तरीही वाइन हवीच असेल, त्यांनी ती आपल्या घरी घ्यावी आणि तिला तिच्या नावाने हाक मारावी. गावाच्या पंगतीत मात्र तिला थारा नको. आपापल्या धर्मग्रामातील मंडळांनी तसा ठराव यंदाच्या नाताळपूर्वीच करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.