ओटीवरचा फोटो आणि किनाऱ्यावरचे पाहुणे



दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर दुपार कलली की मासळीच्या लिलावाची लगबग सुरू होते. होड्या किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी लहान होडीतून आणि उथळ पाण्यात उतरलेल्या बैलगाडीतून पुळणीवर आणायची, ही तेथली जुनी रीत. ओल्या वाळूवर कोळंबी, बांगडा, सुरमई यांचे ढीग पडतात, आरडाओरडा होतो आणि तासा-दोन तासांत सारा माल बर्फात बसून रस्त्याला लागतो. कोळी, खारवी, दाल्दी, भंडारी अशा अनेक घरांची चूल या दोन तासांवर पेटते. अलीकडे या गर्दीत दुसरी एक गर्दी शिरली आहे. हाताचा मोबाइल उंच धरून ढिगांच्या मधून वाट काढणारी, मासेवालीला न विचारता तिचा फोटो घेणारी आणि बैल पाण्यात उतरले की टाळ्या वाजवणारी ही गर्दी पर्यटकांची.

ही गर्दी आता वाढणार. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले आणि हर्णैसमोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग त्यांत आहे. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण आमचा पिंड हिशेबाचा. त्यामुळे कोणी ‘पर्यटनाने कोकणचा विकास’ असे म्हटले की आम्ही लगेच वही काढून विचारतो, जमेची बाजू कोणाच्या नावावर आणि खर्चाची कोणाच्या?

समजा, मुंबईचे एक कुटुंब दोन दिवसांसाठी किनाऱ्यावर आले आणि लॉजवर उतरले. खोलीचे भाडे मालकाला गेले आणि मालक बहुधा पुण्या-मुंबईचा. पाण्याची बाटली, वेफर्स, थंड पेये हे सारे कारखान्याचे. कोंबडी घाटावरून आलेली. मग गावात काय राहिले? चादरी धुणाऱ्या बाईची रोजी, बागेत पाणी घालणाऱ्या पोराचा पगार आणि मागे पडलेला कचरा. या ‘रोजी’च्या रकान्यात आपल्या बौद्धवाडीची नावे हमखास सापडतात. मालकीच्या रकान्यात शोधून पाहा, हाताची बोटे पुरून उरतील.

यात नवे काही नाही, म्हणून जास्त बोचते. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवत. समुद्र दुसऱ्याचा, होडी दुसऱ्याची, मासळी दुसऱ्याची आणि ओझे मात्र आपले! रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंदचा. पुढे आईवडिलांचे छत्र गेले, भावंडे मुंबईला आली आणि बाबासाहेबांशी त्यांचे लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसाचा धंदा आटोपल्यावर. ज्या किनाऱ्यावर आज रिसॉर्टच्या पाट्या लागत आहेत, त्याच मुलखातील ही गोष्ट. म्हणून आमच्या मुलीबाळींना जेव्हा कोणी सांगते की ‘रिसॉर्ट आले, आता तुम्हाला काम मिळेल’, तेव्हा आम्ही विचारतो, काम की पुन्हा टोपलीच?

दुसरी एक वाटही या जिल्ह्यातच आहे, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या तक्रारी करणाऱ्याचे सदर कोण वाचतो?

मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ते पूर्वी ठाऊक होते, आता ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीत रात्री पुळणीवर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. उरली तर कोल्ह्या-कुत्र्यांचे फावे. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम हाती घेतले. रात्री-पहाटे किनारा पालथा घालायचा, घरटे सापडले की अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायची आणि निघालेली पिल्ले पाण्याच्या दिशेने सोडून द्यायची. २००६ पासून हे पाहायला लोकांना बोलावले गेले आणि कासव महोत्सव सुरू झाला. पुढे वनखातेही या कामात उतरले.

आम्ही तेथे गेलो होतो तेव्हा दोन गोष्टी मनात भरल्या. पहिली, दोरी. पाहुणा कितीही मोठा असो, दोरीच्या अलीकडे उभा राहतो. पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा नाही, पुढे धावायचे नाही, उजेड पाडायचा नाही. पिल्लू उजेडाच्या दिशेने जाते. किनाऱ्यावर हॉटेलचे दिवे लागले की ते समुद्राऐवजी हॉटेलकडे चालू लागते आणि मरते. (माणसाचेही पुष्कळदा असेच होते, पण तो विषय वेगळा.) दुसरी गोष्ट, पाहुण्यांची उतरण्याची सोय गावातल्या घरांतून. घरच्या बाईने रांधलेले जेवण, पडवीत अंथरुण आणि पैसे थेट तिच्या हातात. तांदूळ गावचा, कोकम गावचे, नारळ गावचा. मुंबईकराचा तोच रुपया येथे चार हातांतून फिरूनच गावाबाहेर जातो. ज्या अंड्यांचे पूर्वी बाजारात थोडेसे पैसे यायचे, ती जागच्या जागी राखली तर घरटी उत्पन्न येते, हे गावाला पटले म्हणून कासव वाचले.

आणि कासव काही एका गावाचे नसते. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाने माग काढणारे यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ नाव दिले होते. २०२५ मध्ये तर ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! तिला कोणी तिची वाडी विचारली नाही.

विचारले जाते ते माणसाला.

आमच्या परिचयातील एका भगिनीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. समुद्रापासून वाडी पंधरा मिनिटांच्या चालीवर. नवरा मुंबईला, दोन मुले शाळेत. बचत गटातून कर्ज घेऊन तिने घराला एक खोली आणि संडास-न्हाणीघर जोडले आणि पाहुणे घ्यायला सुरुवात केली. पहिल्या मोसमात एक कुटुंब आले. गाडीतून सामान उतरले, मुले अंगणात खेळू लागली. बाईने ओटीवर पाणी आणून दिले. भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची आणि रमाईंची. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या बाईंनी तिकडे पाहिले. मग गोड आवाजात प्रश्न आला, “तुमचं आडनाव काय म्हणालात?” आडनाव कळल्यावर पाच-दहा मिनिटे आपसांत कुजबुज झाली आणि पाहुण्यांना अचानक आठवले की त्यांच्या ओळखीच्यांनी दुसरीकडे खोली राखून ठेवली आहे. आणलेले पाणी तांब्यात तसेच राहिले. सकाळीच घेतलेले दोन किलो बांगडे घरात होते.

ती भगिनी आम्हाला म्हणाली, “दादा, मला रडू नाही आलं. बांगड्यांचं काय करायचं तेवढं सुचेना.”

रात्री नवऱ्याचा मुंबईहून फोन आला. तोही वाईट माणूस नव्हे, कर्जाच्या हप्त्याने घाबरलेला. म्हणाला, मोसमापुरते फोटो आत माजघरात लाव, पावसाळ्यात पुन्हा बाहेर काढू. बाई म्हणाली, “मग मी पण माजघरातच बसते आणि तुम्ही येऊन स्वयंपाक करा.”

यावर आमच्याच काही मित्रांनी आम्हाला ऐकवले की धंद्यात भावना आणू नये. आम्ही वाणिज्य शाखा शिकलो आहोत, त्यामुळे धंद्याची भाषा आम्हालाही येते. सम्यक आजीविका म्हणजे उपाशी राहणे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण नाव लपवून कमावलेल्या पैशाला रोज भीतीचे व्याज भरावे लागते. मुले ते पाहत असतात. खोलीचे कर्ज पाच वर्षांत फिटते, हे दुसरे व्याज फिटत नाही.

आता खर्चाच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम, पाणी. कोकणात पाऊस धो-धो पडतो आणि एप्रिल-मे मध्ये वाडीची विहीर तळ दाखवते. पाहुण्यांचा मोसमही नेमका तोच. आमच्या नात्यातल्या एका वाडीत, खालच्या अंगाला एका लॉजमालकाने बोअर मारली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाडीच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. यात जादूटोणा काही नाही. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट असते. म्हणजे उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात. पंपवाल्याला टँकर परवडतो, वाडीला परवडत नाही. जमाखर्चात यंत्राचा घसारा धरतात, विहिरीचा आणि पुळणीचा घसारा कोणत्याही लॉजच्या वहीत आम्ही आजवर पाहिला नाही.

आणि पाण्यासाठी हंडा घेऊन दूर जाणे आपल्या बायकांना कोणी नव्याने शिकवायला नको. वेळासजवळ समुद्राला मिळणारी सावित्री नदी महाडवरून येते. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघून याच खाडीने दासगावला उतरले होते. तेव्हा पाणी होते पण हात लावू देत नव्हते. आता हात लावायला मनाई नाही, पाणीच खारे!

म्हणून ग्रामसभेत आपल्या माणसांनी बसले पाहिजे. बांधकामाला ना-हरकत द्यायचा विषय निघाला की तीन प्रश्न विचारा: पाणी कोठून घेणार, मैला कोठे सोडणार आणि समुद्राकडे दिवे कसे लावणार. किनाऱ्यालगत बांधकामावर बंधने घालणारी केंद्राची अधिसूचना १९९१ पासून आहे. २०१९ मध्ये ती पुष्कळ सैल झाली, तरी रद्द झालेली नाही. नकाशे पाहायचा अधिकार तुम्हाला आहे. आणि कृपा करून वाडीची जमीन गाडी घेण्यासाठी विकू नका. गाडी दहा वर्षांत भंगारात जाते आणि मुलगा त्याच जमिनीवर रखवालदार म्हणून उभा राहतो. अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

आता थोडे आपल्या मंडळींना, राग आला तरी चालेल. ७ फेब्रुवारीला वणंदला आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या मूळ गावी, मंडणगड तालुक्यातील आंबडवे येथे, मुंबई-ठाण्याहून आपल्या लोकांच्या गाड्या येतात. वाटेत दापोलीजवळ पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांची सुरुवात बौद्ध भिक्खूंनी केली. तीही पाहिली जातात, चांगलेच आहे. पण जेवण मुंबईहून डब्यात, पाणी मुंबईहून बाटलीत, मुक्काम नाही, आणि जाताना मागे राहतात त्या कागदी पत्रावळी. वाडीतल्या बाईच्या हातात एक रुपया पडत नाही. परक्या पाहुण्याने आपल्या घरचे पाणी नाकारले तर आपल्याला संताप येतो. आपले लोक तर ते मागतही नाहीत! मंडळांनी पुढच्या सहलीचा बेत करताना एक रात्र वाडीत काढावी. आधी कळवावे, माणसे मोजून सांगावीत, पैसे आगाऊ पाठवावेत, म्हणजे बांगडे वाया जाणार नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा पापलेटचा हट्ट धरू नये. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले यांवर कोणाचे प्राण जात नाहीत, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

त्या भगिनीची खोली आता बऱ्यापैकी चालते. डिसेंबरात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी तीन दिवस राहिले. त्यांतील एका मुलीने ओटीवरच्या रमाईंच्या फोटोकडे पाहून विचारले, ह्या कोण? बाईने भाकरी थापता थापता सारी गोष्ट सांगितली, दाभोळच्या टोपल्यांपासून. मुलगी ऐकत बसली आणि तव्यावरची भाकरी करपली. तिचे पैसे, अर्थातच, बिलात धरले नाहीत.