कोवळ्या हातांची पारख

सन १९७३ च्या जून महिन्यांतील ही गोष्ट आहे. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डेव्हिड क्लाइड नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हायस्कुलाचा अभ्यासक्रम पुरा करून नुकताच बाहेर पडला होता. बेसबॉलच्या खेळांत चेंडू फेकण्याचें काम त्याजकडे असे. अशा खेळाडूस तिकडे पिचर म्हणतात. शाळेच्या शेवटच्या वर्षीं त्यानें अठरा सामने जिंकले होते व एकहि गमावला नव्हता. तेथील व्यावसायिक संघ दरसाल नव्या खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करतात. त्या वर्षीं पहिलेंच नांव क्लाइडचें निघालें, आणि टेक्सस रेंजर्स नामक संघानें त्यास घेतलें. शाळेचा निरोप घेतल्यास तीन आठवडेहि लोटले नव्हते तोंच, २७ जून रोजीं, या मुलास देशांतील निवडक प्रौढ खेळाडूंसमोर उभें करण्यांत आलें. पस्तीस हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. त्या मैदानावरील सर्व जागा विकल्या जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. क्लाइडनें पांच डाव टाकले, आठ जणांस बाद केलें, सात जणांस नेम चुकल्यामुळें फुकट पहिल्या तळावर जाऊं दिलें, आणि सामना जिंकला.

मूळ बेत असा होता कीं, दोन सामने खेळवून मग त्यास खालच्या वर्गाच्या संघांत शिकावयास पाठवावें. परंतु त्याच्या नांवावर तिकिटें खपत होतीं. त्यास पाठविलें गेलें नाहीं. सर्वोच्च वर्गांतील शेवटचा सामना तो १९७९ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं खेळला. तोंपर्यंत त्याच्या खात्यावर एकंदर १८ विजय व ३३ पराजय जमा झाले होते. शाळेंत एका वर्षांत जितके विजय त्यानें मिळविले, तितकेच पुढच्या सबंध कारकीर्दींत.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं बेसबॉलचा सामना कधीं पाहिला नसेल, आणि त्या खेळाची गोडी येथें लावावी असा आमचा हेतूहि नाहीं. तथापि तरुणांची पारख करण्याचें शास्त्र त्या लोकांनीं जितकें वाढविलें आहे तितकें क्वचितच कोणीं वाढविलें असेल. म्हणून तें कोठें खरें उतरतें व कोठें फसतें हें पाहणें मुलांस व त्यांच्या वडील मंडळींस सारखेंच उपयोगाचें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम व्यवस्था समजून घेऊं. सेंट लुई कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांना १९२० नंतरच्या दशकांत धनाढ्य संघांशीं चढाओढ करून तयार खेळाडू विकत घेणें परवडेना. तेव्हां त्यांनीं लहानलहान गांवांचे संघ आपल्या ताब्यांत आणून त्यांत पोरसवदा खेळाडू वाढविण्यास आरंभ केला. (हेच रिकी पुढें १९४७ मध्यें जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस ब्रुकलिनच्या संघांत उतरवून त्या खेळांतील वर्णभेदाची भिंत पाडते झाले.) या पद्धतीस ‘फार्म’, म्हणजे शेत, असें नांव पडलें. कोंकणांतील वाचकांस तें निराळें समजावून द्यावयास नको. आधीं तरवा टाकावयाचा, रोपें पुरेशीं वाढलीं कीं उपटून खाचरांत लावावयाचीं. लवकर उपटलीं तर कोमेजतात, उशीर केला तर फुटवा धरीत नाहींत. सन २०२१ पासून तेथील ३० मोठ्या संघांपैकीं प्रत्येकाच्या हाताखालीं चार पायऱ्यांचे चार संघ, असे १२० संघ आहेत. खालच्या पायरीवरील मुलांचे दिवस मोठे ओढगस्तीचे असत. २०२३ च्या करारानें त्यांचें किमान वार्षिक वेतन सुमारें ११ हजार डॉलरांवरून २६,२०० डॉलरांवर आलें, तेव्हां कोठें त्यांस थोडा श्वास मिळाला.

या शेतांत हिंडून रोपें पाहणारे पारखी असतात. त्यांची गुणपद्धति चमत्कारिक आहे. ती शून्यापासून शंभरापर्यंत नसून वीसपासून ऐंशीपर्यंत आहे, आणि पन्नास म्हणजे सर्वोच्च वर्गांतील मध्यम प्रतीचा खेळाडू. वेगवान चेंडूस वेगळे गुण, वळणाऱ्या चेंडूस वेगळे, फलंदाजास फसविण्याकरितां मुद्दाम सावकाश टाकलेल्या चेंडूस वेगळे, नेमास वेगळे. शिवाय अंगकाठी पाहतात, हात फिरविण्याची लकब दरवेळीं तीच राहते कीं काय हें पाहतात. मूल अजून वाढेल कीं नाहीं हें ताडण्यासाठीं बापाची उंचीहि न्याहाळतात! आणि विशेष असा कीं, प्रत्येक गुणाचे दोन आंकडे लिहितात: एक आजचा, दुसरा पुढें होईल तो. आज चाळीस, पुढें साठ.

पहिल्या आंकड्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तो डोळ्यांनीं पाहून लिहिलेला असतो, आणि अनुभवी माणसाचा डोळा ही थोर वस्तु आहे. दुसरा आंकडा मात्र केवळ अनुमान असून तो पहिल्याच्या शेजारीं, त्याच शाईनें, त्याच ऐटींत बसतो. वाचणारा दोन्हींस सारखाच मान देतो. येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो.

मारियानो रिव्हेरा याचें उदाहरण घ्या. पनामा देशांतील हा तरुण १९९० सालीं न्यूयॉर्क यांकीज संघानें अगदीं किरकोळ रकमेस घेतला. पुढें त्यानें सामन्याचा शेवट राखण्याच्या कामांत ६५२ वेळां यश मिळविलें, आणि २०१९ मध्यें एकहि मत विरुद्ध न पडतां त्याचें नांव त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत गेलें. असा मान त्यापूर्वीं कोणासहि मिळाला नव्हता. ज्या एका चेंडूनें त्यास अजिंक्य केलें तो ऐन वेळीं किंचित् बाजूस कापत जाणारा चेंडू त्याला १९९७ सालीं एका सोबत्याबरोबर सहज झेलाझेल करीत असतां अकस्मात् सांपडला. विसाव्या वर्षीं त्याची पारख करणाऱ्यानें या चेंडूस किती गुण द्यावयाचे होते? तो चेंडू तेव्हां जन्मासहि आला नव्हता.

आतां वेगाकडे वळूं. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास चेंडूचा वेग मोजण्याचें विद्युत्तरंगाचें यंत्र मैदानावर आलें, आणि पारख्यांच्या हातीं एक निर्विवाद आंकडा सांपडला. वेग निरुपयोगी आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. साठ फूट सहा इंचांवरून ताशीं ९५ मैलांच्या वेगानें आलेला चेंडू पाहून फळी फिरविण्यास फलंदाजास अवघें दोनपंचमांश सेकंद मिळतें. चेंडू मंद असेल तर चुकीस क्षमा नाहीं. परंतु जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, अशी मनाची एक आळशी खोड आहे. नेम मोजणें कठीण, धीर मोजणें त्याहून कठीण; वेग मात्र दिव्यांच्या अक्षरांनीं फलकावर उमटतो. मग मुलेंहि वेगाच्याच मागें लागतात.

स्टीव्ह डल्कोव्स्की यासारखा वेगवान पिचर झाला नाहीं, असें जुने जाणते सांगत. १९६० सालीं स्टॉक्टन येथें त्यानें १७० डावांत २६२ जणांस बाद केलें आणि नेमक्या २६२ जणांसच नेम चुकून फुकट तळ दिला. नऊ वर्षें तो खालच्या पायऱ्यांवर राहिला. सर्वोच्च वर्गांत एक चेंडूहि त्याला टाकावयास मिळाला नाहीं. उलट ग्रेग मॅडक्स. १९८४ च्या निवडींत त्याच्यापूर्वीं तीस जणांचीं नांवें पुकारलीं गेलीं. अंगानें बेताचा, वेगानेंहि पुढें बेताचाच. पण चेंडू हवा तेथें ठेवणारा. त्यानें ३५५ सामने जिंकले व १९९२ पासून सतत चार वर्षें उत्तम पिचरचा मान मिळविला. जेकब डीग्रॉम २०१० मध्यें २७२ वा निवडला गेला; कॉलेजांत तो मुख्यतः क्षेत्ररक्षक होता, आणि निवड झाल्यावर त्याच वर्षीं त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१८ व २०१९ सालीं तोच मान त्याच्याकडे चालत आला. पारखी मूर्ख होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांनीं आजचा आंकडा बहुधा बरोबरच लिहिला असेल.

कोपराची गोष्ट निघाली म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. क्रिकेटमध्यें गोलंदाजानें चेंडू टाकतांना कोपर सरळ करणें नियमाबाहेर आहे. बेसबॉलमध्यें चेंडू फेकतांना वांकलेलें कोपर झटक्यानें उलगडलें जातें. त्या झटक्याचा भार कोपराच्या आंतल्या बाजूच्या एका लहानशा बंधावर पडतो. स्नायु व्यायामानें जितके वाढतात तितका हा बंध बळावत नाहीं; म्हणून दंड जसजसा जोरकस होतो तसतसा बंधच तुटण्याची भीति वाढते. १९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या पिचरच्या मनगटांतील कंडरा काढून कोपरांत बसविली. तो दीड वर्षानें परतला आणि त्यानंतर त्यानें १६४ सामने जिंकले. विद्येचा हा विजय खरा. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, शस्त्रक्रियेनें हात पूर्वीपेक्षां बळकट होतो, असा खुळा समज तिकडील कित्येक मुलांत व, सांगावयास खेद वाटतो, पालकांतहि पसरला. डिसेंबर २०२४ मध्यें तेथील सर्वोच्च संस्थेनेंच प्रसिद्ध केलेल्या अहवालांत दिसतें कीं, वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ सालीं ताशीं ९१.३ मैल होता तो २०२४ मध्यें ९४.२ झाला, आणि दुखापतीमुळें पिचरांचीं नांवें जायबंदींच्या यादींत चढण्याचे प्रसंग २००५ मधील २१२ वरून २०२४ मध्यें ४८५ वर गेले. प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशीं फेकण्याची हांव हें मुख्य कारण म्हणून त्यांनीं दाखविलें आहे. उदयोन्मुख पिचर अशी वस्तुच जगांत नाहीं, असें तेथील चिकित्सक मंडळी थट्टेनें म्हणतात, तें यामुळेंच.

आपल्याकडील दोन तरुणांचा या यंत्राशीं संबंध आला होता. २००८ सालीं अमेरिकेंतून आलेल्या कांहीं मंडळींनीं हिंदुस्थानांत चेंडूफेकीची स्पर्धा भरविली. हजारों मुलें आलीं; कसोटी वेगाची व नेमाची. उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंह व दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोघे निवडले गेले. त्यांनीं बेसबॉल यापूर्वीं हातीं धरलेला नव्हता, तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पिट्सबर्ग पायरेट्स संघानें त्यांस आपल्या खालच्या संघांत घेतलें. पुढच्या वर्षीं रिंकूनें एक सामना जिंकलाहि. दिनेश दोन वर्षांनीं परत आला. रिंकू अधिक टिकला, पण कोपर दुखावलें आणि तोहि वरच्या पायरीस पोहोंचला नाहीं. दोघांच्या धाडसाचें आम्हांस कौतुक वाटतें. पण ज्या यंत्रानें त्यांस निवडलें त्यास एवढेंच कळत होतें कीं हा हात जोरकस आहे. खेळाची उमज बहुधा लहानपणापासून अंगणांत मुरत यावी लागते. ती मोजण्याचा कांटा त्या यंत्रावर नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, संघांनीं निवड करूंच नये काय? करावी, पैसा त्यांचा आहे, जागा थोड्या आहेत, आणि कोणास तरी नाहीं म्हणणें भागच आहे. आमचा आक्षेप निवडीस नसून घाईस आहे, आणि ज्याचा गल्ला भरतो त्यानेंच मुलाची वेळ ठरविण्यास आहे. वयानुसार दिवसांत किती चेंडू टाकावे याचे नियम तेथें २०१४ पासून सांगितले जात आहेत: तेरा ते सोळा वर्षांच्या मुलानें ९५ हून अधिक टाकूं नयेत, आणि वर्षांतून चार महिने तरी हातास विसांवा द्यावा. हे नियम उत्तम आहेत. परंतु फलकावरील आंकडा पाहावयास पारखी, बाप व शिक्षक तिघेहि एका रांगेंत बसले असतां मुलगा विसांवा मागेल ही आशा व्यर्थ आहे. सोळा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांतून तें यंत्रच उचलून न्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पारख्यांची त्यानें गैरसोय होईल, होऊं द्यावी. त्यांनीं त्या वेळांत मुलगा सपाटून मार खाल्ल्यावर पुढचा चेंडू कसा टाकतो, आणि सहा महिन्यांपूर्वीं न येणारी कोणती गोष्ट आज त्याला येते, हें टिपून ठेवावें. आमच्या मतें पुढचा आंकडा लिहावयाचाच असेल तर तो त्या टिपणावरून लिहावा.

डेव्हिड क्लाइड यास तिकिटांच्या विक्रीसाठीं ठेवून घेतल्यामुळें शिकावयाच्या वर्षांत शिकतां आलें नाहीं. त्या काळच्या नियमाप्रमाणें खेळाडूस निवृत्तिवेतन मिळण्यास सर्वोच्च वर्गांत चार वर्षांची सेवा लागे. त्याच्या सेवेंत ३७ दिवस कमी पडले.